उशिराचे बिल

भादव्यात दोन कुत्री भांडतात आणि एकाच्या कानामागे बोटाच्या पेराएवढी जखम होते, इथून सुरुवात करू. पहिल्या दिवशी या जखमेचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास असतो. भोवतालचे केस कात्रीने कापायचे, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवायची आणि मेडिकलमध्ये मिळणारे पोव्हिडोन आयोडीनचे मलम लावायचे. पण कानामागे कुत्र्याची जीभ पोहोचत नाही आणि माशी पोहोचते. दमट हवेत माशीने घातलेली अंडी दिवसभरात फुटतात. ‘क्रायसोमिया बेझियाना’ जातीच्या माशीची अळी सडक्या मांसावर समाधान मानत नाही. ती जिवंत मांसात डोके खुपसून, शेपूट वर ठेवून आत पोखरत जाते. वरून रुपयाएवढे भोक दिसते, आत लिंबू मावेल एवढी पोकळी झालेली असते. कुत्रा डोके झटकू लागतो, त्याच्या अंगाला वास येतो, तो ओट्याखालच्या अंधारात जाऊन बसतो, आणि मग घरात कोणीतरी म्हणते, ‘ह्याच्या कानात किडे पडलेत.’ तोवर चौथा-पाचवा दिवस उजाडलेला असतो. आता चिमट्याने एकेक अळी ओढून काढणे, टर्पेंटाइनचा बोळा भरणे, इंजेक्शने, रोजचे ड्रेसिंग. आणखी तीन दिवस गेले तर भूल देऊन कुजलेले मांस कापावे लागते, कधी कानही जातो. जखम पहिल्या दिवसाचीच असते. शंभराचे हजारो होतात ते मधल्या दिवसांमुळे.

आजारी कुत्र्याच्या खर्चाबद्दल आपण बोलतो तेव्हा हे मधले दिवस हिशेबात धरतच नाही. डॉक्टर महाग झाले, औषधे महाग झाली, कुत्रा पाळणे हा श्रीमंतांचा शौक झाला, अशी वाक्ये सहज ऐकू येतात आणि त्यांत काही प्रमाणात तथ्यही आहे. तरी पालघर तालुक्यातल्या मुरब्यासारख्या गावापुरते बोलायचे तर माझे म्हणणे वेगळे आहे. इथे बिल फुगते ते मुख्यतः उशिरामुळे. आणि हा उशीर माणसांच्या बेफिकिरीतून येतो असे मानणे अन्यायाचे आहे. तो गावाच्या भूगोलात, धंद्याच्या वेळापत्रकात आणि सरकारी दवाखान्यांच्या रचनेत मुरलेला आहे. म्हणून त्यावरचा उपायही एकेकट्या कुटुंबाच्या मायेवर आणि खिशावर सोडून चालणार नाही. तो गावाने मिळून करायचा आहे, आणि तो वाटतो तितका खर्चिक नाही.

मुरबे खाडीच्या तोंडाशी वसलेले मच्छीमारांचे गाव. समोर सातपाटी दिसते, पण मध्ये खाडी आहे. बोईसरचे स्टेशन, बाजार आणि तारापूरची औद्योगिक वसाहत आतल्या अंगाला. पालघर हे जिल्ह्याचे ठिकाण. खासगी डॉक्टर गाठायचा म्हणजे बोईसरला किंवा पालघरला जायचे. त्यापुढचे मोठे उपचार मुंबईत, शंभरेक किलोमीटरवर. माणूस आजारी पडला तर त्याला धरून लोकलमध्ये तरी बसवता येते. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यात कुत्र्याला नेता येत नाही. उलट्या-जुलाब करणारा, अंग टाकलेला पंधरा किलोंचा कुत्रा रिक्षात घ्यायला दहा रिक्षावाल्यांपैकी किती जण तयार होतील याचा अंदाज कोणालाही करता येईल. म्हणजे वाहन ठरवणे आले, कामाचा दिवस बुडणे आले. डॉक्टरच्या टेबलावर कुत्रा पोहोचण्याआधीच बिलाचा पहिला हप्ता भरून झालेला असतो. मग घरातले साहजिकच म्हणतात, ‘उद्यापर्यंत बघू.’ हे ‘बघू’ खर्च वाचवण्यासाठी असते आणि नेमका तोच खर्च वाढवते.

धंद्याचे वेळापत्रक याहून कठोर आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीसाठी ही बंदी आवश्यकच आहे. पण या काळात घरात येणारा पैसा जवळजवळ आटतो. सुकवलेले बोंबील, साठवलेली मासळी आणि मागची शिल्लक यांवर नारळी पौर्णिमेपर्यंत दिवस काढायचे असतात. जाळी दुरुस्त करायची, होडीची डागडुजी करायची, मुलांच्या शाळेचा खर्चही ह्याच महिन्यांत. आणि कुत्र्यांचे आजार नेमके याच महिन्यांत उसळतात. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही. दमट हवेत गोचीड वाढते, खरूज चिघळते, जखमांत किडे पडतात. शहरातल्या पगारदार घरात जुलैचे बिल आणि डिसेंबरचे बिल सारखेच. मुरब्यात जुलैचे हजार रुपये आणि डिसेंबरचे हजार रुपये यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पशुवैद्यकीय खर्चाची चर्चा करणारे बहुतेक लोक शहरात राहतात, म्हणून हा भेद त्यांच्या लेखनात येत नाही.

तिसरे कारण सरकारी रचनेचे. जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, केसपेपरचे शुल्क नाममात्र आहे. ही व्यवस्था मोलाची आहे. पण ती उभी राहिली गाई-म्हशींसाठी. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्यक असावा अशी शिफारस केली, आणि आजही डॉक्टरांच्या गरजेची चर्चा त्याच मापाने होते. दूधदुभत्यावर उभ्या असलेल्या जिल्ह्यांत हे माप योग्यच. मासळीवर जगणाऱ्या गावात मात्र दारातले जनावर म्हणजे कुत्रा, कोंबड्या, फार तर एखादी शेळी. गुरे मोजून दवाखाने वाटले की किनाऱ्याच्या वाट्याला कमी येते. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरते पशुचिकित्सा पथक बोलावण्याची सोय झाली हे चांगलेच झाले. तिचाही मुख्य रोख पशुधनाकडे आहे. ‘पशुधन’ या शब्दातच मुरब्याचा कुत्रा बसत नाही.

तो धन आहे की नाही, हा प्रश्न मात्र विचारायला हवा. मासळीच्या गावात कुत्र्याचे दोन चेहरे असतात. वाळवणीत तोंड घालणारा परका कुत्रा हा एक, आणि त्याला हुसकावणारा घरचा कुत्रा हा दुसरा. बांबूंच्या मांडवावर बोंबील टांगलेले असतात, खाली जाळी, दोर, बोये पडलेले असतात, आणि रात्री तिथे कोणी माणूस जागा नसतो. राखणीचे हे काम पगाराविना करणारा प्राणी हा कुटुंबाच्या धंद्याचा भाग आहे. बैलाचे औषध हा शेतीचा खर्च आणि राखणदार कुत्र्याचे औषध हा शौक, अशी वर्गवारी शेतकऱ्याच्या दृष्टीने केलेली आहे. मासे पकडणाऱ्याला ती लागू पडत नाही. आणि समजा एखाद्या घरचा कुत्रा कसलीच राखण करत नाही, फक्त पोरांबरोबर किनाऱ्यावर धावतो, तरी त्याच्या वेदनेचे वजन कमी होत नाही. मला हा दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता उशीर टाळला तर खर्च खरोखर किती कमी होतो, ते नेहमीच्या तीन-चार रोगांवरून पाहू. पार्वो हा त्यांतला सर्वांत निर्दय. १९७८ च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला. पिल्लू आधी मलूल होते, मग उलट्या, मग रक्ताची हगवण. विषाणू आतड्याचे अस्तरच सोलून काढतो आणि शरीरातले पाणी निघून जाते. उपचार न मिळाल्यास दहांतली नऊ पिल्ले दगावू शकतात. उपचार म्हणजे चार-सहा दिवस सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शने, प्रतिजैविके. खासगी दवाखान्यात दाखल केले तर बिल हजारांत जाते. याला अडवणारी लस काही शेकड्यांत मिळते. ती सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला सुरू करायची आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यायची. एकच डोस देऊन थांबलेली घरे पुष्कळ असतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती त्या पहिल्या डोसाला निष्प्रभ करू शकते, म्हणून पुढचे डोस लागतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आणखी एक गोष्ट गावाच्या हातातली आहे. पार्वोचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो, साध्या फिनाइलने मरत नाही, पण क्लोरीनने मरतो. विहिरीत टाकायची टीसीएल ही क्लोरीनयुक्त पावडर प्रत्येक ग्रामपंचायतीकडे असते. पिल्लू गेले त्या ओट्यावर, अंगणातल्या फरशीवर तिचे पाणी फिरवले तर पुढचे पिल्लू वाचू शकते.

गोचीडतापाची कथा वेगळ्या वळणाची आहे. ‘एर्लिकिया कॅनिस’ हा जंतू तांबड्या-तपकिरी गोचिडीतून कुत्र्याच्या रक्तात शिरतो. ताप येतो, कुत्रा खात नाही, कधी नाकातून रक्त येते. यावरचे मुख्य औषध डॉक्सिसायक्लिन. माणसांच्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत ते आहे, त्याच्या किमतीवर नियंत्रण आहे, आणि महिनाभराचा कोर्स गरिबालाही परवडतो. म्हणजे इथे पैशाची अडचण जवळपास नाहीच. अडचण अठ्ठावीस दिवसांची आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरतो, कुत्रा पुन्हा भाताला तोंड लावतो, शेपूट हलवतो, आणि गोळ्यांची पट्टी फळीवर पडून राहते. अर्धवट मेलेला जंतू शरीरात दबा धरतो आणि काही महिन्यांनी, काही कुत्र्यांत वर्षांनी, हाडातल्या मज्जेवर हल्ला करतो. त्या टप्प्यावर रक्त चढवणे, तपासण्या, आठवड्यांचे उपचार, आणि एवढे करूनही खात्री नाही. पहिल्या वेळी पट्टी संपवली असती तर हे टळले असते. ही गोळी कोरड्या घशाने, उपाशीपोटी देऊ नये, अन्ननलिकेला जखम होते. घासात घालून द्यावी आणि वर पाणी पाजावे, हे सांगायला डॉक्टरला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट महत्त्वाचे आहे.

सांसर्गिक कर्करोगाचे उदाहरण तर माणसाला चकित करणारे आहे. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत संभोगातून पसरणारी एक गाठ असते, जननेंद्रियावर फुलकोबीसारखी वाढणारी, रक्त गळणारी. तीत रोगजंतू नसतो. एका कुत्र्याच्या कर्कपेशीच दुसऱ्याच्या अंगात रुजतात. ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकूनच घरचे हात टेकतात आणि कुत्रा वाऱ्यावर सोडला जातो. प्रत्यक्षात आठवड्याला एक याप्रमाणे व्हिनक्रिस्टिनची चार ते सहा इंजेक्शने दिली की बहुसंख्य कुत्री पूर्ण बरी होतात. औषध जुने आणि तुलनेने स्वस्त आहे. शिरेबाहेर सांडले तर मांस जाळते, म्हणून ते प्रशिक्षित हातानेच द्यावे लागते. म्हणजे लागतो तो आठवड्यातून एकदा पोहोचणारा एक डॉक्टर.

आणि उशिराला खतपाणी घालणारे घरगुती उपाय आहेत. खरजेवर होडीच्या इंजिनातले काळे, जळके ऑइल चोपडतात. मासेमारीच्या गावात ते फुकट मिळते. कुत्रा अंग चाटतो आणि ते पोटात जाते; कातडी भाजते, यकृताला आणि मूत्रपिंडाला इजा होते. खरजेचा किडा मारणारे आयव्हरमेक्टिन डॉक्टरच्या सल्ल्याने दिले तर स्वस्तात काम होते. लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी देतात. त्याने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. डायक्लोफेनॅकवर तर गिधाडांच्या संहारामुळे २००६ पासून जनावरांसाठी बंदी आहे. हे उपाय करणारी माणसे क्रूर नाहीत. काहीतरी करायला हवे असे त्यांना वाटते, आणि हाताशी जे आहे ते ती करतात.

इथे पशुवैद्यकांच्या बाजूने येणारा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. ते म्हणतील, स्वस्त उपचार म्हणजे निकृष्ट उपचार. कुत्र्याला रक्ततपासणी, एक्स-रे, दाखल करणे हे सगळे मिळाले पाहिजे, अर्धवट उपचारांनी जीव जातो आणि दोष डॉक्टरवर येतो. शिवाय साडेपाच वर्षे शिकून, जागेचे भाडे भरून, यंत्राचे हप्ते फेडून बसलेल्या माणसाने फुकट का काम करावे? त्याने फुकट करावे असे मी म्हणत नाही. पण उपचार म्हणजे एकतर सगळे किंवा काहीच नाही, ही मांडणी चुकीची आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी पार्वो झालेल्या चाळीस कुत्र्यांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वीस कुत्र्यांना पूर्ण अतिदक्षता उपचार दिले. वीस जणांना सुरुवातीला शिरेतून पाणी देऊन सावरले आणि मग घरी करता येण्याजोगे उपचार दिले: कातडीखाली सलाईन, उलटीचे इंजेक्शन, दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिजैविकाची एक सुई. पहिल्या गटातले नव्वद टक्के जगले, दुसऱ्यातले ऐंशी टक्के. अभ्यास लहान आहे, आणि दुसऱ्या गटाचीही देखभाल प्रशिक्षित माणसांनीच केली, हे विसरून चालणार नाही. तरीही घरच्यांपुढे खरी निवड नव्वद आणि ऐंशी यांतली नसते. दाखल करणे परवडत नाही म्हणून पिल्लाला तसेच परत नेले जाते, तेव्हा ती निवड ऐंशी आणि दहा यांतली असते. चांगला डॉक्टर अशा वेळी उपचाराच्या पायऱ्या मांडतो: ही सर्वांत वरची, ही मधली, आणि एवढेच शक्य असेल तर निदान ही. पहिल्याच पायरीचा आकडा सांगून गप्प बसणे ही नैतिक उंची नव्हे.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्या देशांत काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने केलेल्या चौकशीत २०१६ ते २०२३ या काळात पशुवैद्यकीय सेवांचे दर ६३ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. २०१३ मध्ये तिथले दहा टक्के दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या हाती होते. आता सुमारे साठ टक्के आहेत. त्याच ब्रिटनमध्ये १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, मारिया डिकिन या बाईंनी लंडनच्या ईस्ट एंडमधल्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत एका तळघरात गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. त्यातून उभी राहिलेली पीडीएसए ही संस्था आजही चालते. बाजार एकीकडे जात असताना धर्मादाय दवाखाना तगून राहतो, कारण गरज संपत नाही.

आपल्याकडे ही परंपरा आणखी जुनी आहे आणि तिचे नाते याच किनाऱ्याशी आहे. जून १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशांनी दंगल केली, शहर बंद पाडले. पुढे त्याच समाजातल्या दिनशा माणेकजी पेटिट या गिरणीमालकाच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ मध्ये त्याच्या आधाराने मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे पाच मजली लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले, १६५ कोटी रुपये खर्चून. तारापूर, डहाणू, बोर्डीच्या पट्ट्यातही पारशांची जुनी वस्ती. गिरण्यांच्या पैशातून परळला रुग्णालय होऊ शकते, तर तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सावलीतल्या गावांत महिन्यातून दोनदा एक डॉक्टर का येऊ नये? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपनीने सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि सातव्या परिशिष्टात प्राणिकल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. कारखाने आणि किनारा यांच्यातले नाते सांडपाण्यावरून बरेच कडवट झालेले आहे. त्या भांडणाची भरपाई दवाखान्याने होणार नाही, होऊही नये. पण कायद्याने खुले केलेले दार ठोठावायला हरकत नाही.

‘इथे माणसांनाच दवाखाना धड मिळत नाही, आणि तुम्ही कुत्र्यांचे काय घेऊन बसलात?’ हा आक्षेप सर्वांत जड आहे. जव्हार-मोखाड्यातले कुपोषण याच जिल्ह्यातले आहे, आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याने हा प्रश्न झटकून टाकू नये. माझे उत्तर असे, की किनाऱ्यावरच्या कुत्र्याचे आरोग्य माणसाच्या आरोग्यापासून वेगळे काढता येत नाही. जगातल्या रेबीजबळींपैकी सुमारे ३६ टक्के भारतात जातात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि माणसांतला रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांकडून येतो. लक्षणे दिसली की मृत्यू ठरलेला. चाव्यानंतरच्या लसी आणि गंभीर चाव्यासाठी लागणारे प्रतिपिंडांचे इंजेक्शन सरकार पुरवते. त्यांचा खर्च कुत्र्याला टोचायच्या लसीच्या अनेक पट आहे. शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले. तिथे सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी २०१४ पासून गावोगाव फिरून, जाळ्याने कुत्री धरून लस टोचली, शाळांत मुलांना शिकवले, हेल्पलाइन चालवली. २०२१ मध्ये गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले, आणि कुत्र्यांतल्या रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले. लेप्टोस्पायरोसिसही कुत्र्याला आणि माणसाला दोघांनाही होतो. कुत्र्यावर होणारा योग्य खर्च माणसांच्या ताटातून घेतलेला नसतो. तो माणसांच्याच दवाखान्यावरचा भार हलका करतो.

काहींना भीती वाटते की औषधे स्वस्त झाली तर कुत्री वाढतील. वाढतात ती नसबंदी न केल्याने. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे, आणि २२ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातही नसबंदी आणि लसीकरण केलेली कुत्री, पिसाळलेली वा आक्रमक नसतील तर, परत त्याच जागी सोडायची असे म्हटले होते. मुरब्यासारख्या गावात पाळीव आणि भटका यांतली रेघ तशीही पुसट असते. तीन घरांत खाणारा, एका होडीखाली झोपणारा कुत्रा कोणाचा, हे कोण ठरवणार? ज्याच्या उपचारांची सोय गावात आहे असा कुत्रा आजारी पडल्यावर रस्त्यावर टाकला जात नाही. टाकणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. असल्या दंडाच्या धाकाने कोणी सुधारणार नाही. पशुवैद्य दारात आला तर टाकण्याची वेळच कमी येईल.

सहकार या किनाऱ्याला शिकवावा लागत नाही. डिझेल, बर्फ, मासळीची विक्री यांसाठी मच्छीमार सहकारी संस्था इथे पिढ्यान्‌पिढ्या चालल्या आहेत. समजा दोनशे घरांनी महिन्याला तीस रुपये बाजूला काढले. वर्षाला बहात्तर हजार होतात. एवढ्यात रेबीजची लस प्रत्येक कुत्र्याला देता येते, पिल्लांच्या पार्वोच्या लसींना हातभार लागतो, आणि महिन्यातून दोनदा बोलावलेल्या डॉक्टरला मान राखून मानधन देता येते. शहरी कुत्र्यांसाठी खासगी विमा निघाला आहे. पण ज्या कुत्र्याला कागद नाही, चिप नाही, जन्मतारीख नाही, त्याला विमा कंपनी कुठून शोधणार? गावाचा निधी त्याला ओळखतो. वर्षाचे पैसे हंगामातच घ्यावेत, बंदीच्या महिन्यांत घेऊ नयेत; खर्च मात्र त्याच महिन्यांसाठी राखून ठेवावा. मोठ्या शस्त्रक्रियांची हमी या निधीने देऊ नये. देता येणार नाही, आणि खोटी हमी वाईट.

कारण काही आजार बरे होत नाहीत, आणि काही बरे होण्याजोगे असूनही आवाक्याबाहेरचे असतात. अशा वेळी दयामरणाचा विचार पाप समजून टाळला जातो, आणि कुत्रा कोपऱ्यात आठवडाभर तडफडून जातो. भुलीच्या औषधाच्या मोठ्या मात्रेने शांतपणे झोपवणे ही पशुवैद्यकाची सेवाच आहे, आणि घरच्यांनी ती मागितली तर त्यांच्या मायेत काही कमी पडले असे होत नाही. हा निर्णय डॉक्टरनेच, तपासून, घरच्यांशी बोलून घ्यायचा असतो. पैशाच्या टंचाईने बरा होणारा कुत्रा झोपवला जाऊ नये, यासाठीच तर निधीचा सारा खटाटोप.

हे सगळे सुरू करायला मे महिन्याचा शेवटचा आठवडा चांगला. शेवटच्या फेऱ्या होऊन होड्या वर ओढल्या जात असतात, खलाशांचे हिशेब होत असतात, घरात रोकड असते आणि पुरुषमाणसे गावात असतात. कुत्री नेहमीप्रमाणे होड्यांच्या सावलीत पडलेली. ज्या हाताने त्यांना वर्षभर मासळीची डोकी टाकली त्याच हाताने धरले तर त्यांना जाळे लागत नाही. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि बर्फाची मुरब्यात उणीव नाही. मासळीचा थर्माकोलचा डबा दोनदा गरम पाण्याने धुऊन घ्यायचा, तळाशी बर्फ, त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी, आणि तिच्यावर लसीच्या कुप्या. रेबीजची लस गोठली तर निकामी होते, म्हणून कुपी बर्फाला टेकू द्यायची नाही. संध्याकाळपर्यंत एका माणसाने वहीत नोंद करत राहायचे: कोणते घर, कोणता कुत्रा, पुढचा डोस कधी, आणि गोचीडतापाची पट्टी चालू असलेल्यांची अठ्ठावीसपैकी आज कितवी गोळी.